हरला तो स्वयंपाकघरात

लव्हेल प्रूइटच्या घरी रविवारी दुपारी पत्ते खेळायला यायचं तर एकच अट होती. हरलात की खुर्ची सोडायची आणि मुकाट्याने स्वयंपाकघरात जायचं. हरणाऱ्याने उठायचं, हा नियम शिकागोच्या दक्षिण भागात घरोघरी होता, त्यात नवल नाही. दुसरी जोडी मागे ताटकळत उभी असते, तिला जागा द्यावी लागते. पण उठून कुठे जायचं हे ठरवलं लव्हेलने, आणि तेवढ्या एका गोष्टीपायी आज कितीतरी माणसं हिंडती-फिरती आहेत. लव्हेलला विचाराल तर म्हणेल, "मला बुवा फक्त पत्ते खेळायचे होते." खोटं बोलतो.

लव्हेल बस चालवायचा. एकोणऐंशी नंबरच्या रस्त्यावरची बस, सरोवरापासून पार पश्चिमेला आणि परत. थांब्यांची नावं तो अशा भारदस्त आवाजात पुकारायचा की टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या बायका नकळत "आमेन" म्हणून जायच्या. मागच्या बाकावर दोन तरुण पुरुष एकमेकांना जरा जास्तच खेटून बसले, की तो समोरचा आरसा एका बोटाने हळूच वर सरकवायचा. आपल्याला दिसायला नको आणि त्यांना कुणी बघतंय असं वाटायला नको. तो स्वतः उभा जन्म कुणाच्या ना कुणाच्या नजरेला भीत आला होता. त्याची आई मिसिसिपीहून आलेली. "तुला एक दिवस चांगली मुलगी मिळेल," असं ती शेवटपर्यंत त्याला सांगत राहिली आणि तोही शेवटपर्यंत "हो आई" म्हणत राहिला. दोघांनाही खरं काय ते माहीत होतं. काही घरांत प्रेम असंच करतात.

आईकडून त्याला दोन गोष्टी मिळाल्या, विटांचं दुमजली घर आणि कॅरामल केक. हा केक करताना साखर जाळावी लागते, आणि ती नेमकी कुठे थांबवायची हे कुणाला सांगून कळत नाही. साखर कढईत असेपर्यंत त्याच्या घरात कुणी ब्र काढायचा नाही. एकदा विन्स्लो नावाच्या त्याच्या मित्राने मध्येच हवापाण्याचा विषय काढला तर लव्हेलने त्याला बर्फात बाहेर उभं केलं होतं. विन्स्लो हे नेहमी तिखटमीठ लावून सांगायचा, आणि दर वेळी बर्फ थोडा वाढायचा.

ऐंशीच्या दशकातली ती वर्षं मात्र हसण्याची नव्हती. लव्हेलचा जिवलग मित्र थॅडियस बून चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि गाणाऱ्यांची सगळी पलटण सांभाळायचा. त्या पलटणीत उंच आवाजाच्या पुरुषांची मागची रांग होती. काय गायची ती पोरं! इस्त्रीचे झगे, चकाकते बूट, आणि रविवारच्या प्रार्थनेनंतर पायऱ्यांवर उभं राहून एकमेकांच्या टोप्यांची टवाळी. मग ती रांग विरळ व्हायला लागली. आज हा निमोनियाने गेला, उद्या तो "दीर्घ आजाराने". पाद्री एड्सचं नाव घ्यायचे नाहीत, घरचे घ्यायचे नाहीत, आणि शवपेटीशी सगळ्यात जास्त रडणाऱ्या माणसाची ओळख "मित्र" म्हणूनही कुणी करून द्यायचं नाही. शेवटी थॅडने जाड आवाजाच्या बायकांना पुरुषांच्या रांगेत उभं केलं. त्या छान गायल्या, पण त्या रांगेकडे बघवायचं नाही.

त्या रांगेत थॅडचा एमरीही होता. दोघं एका घरात राहत होते आणि जगाला आतेभाऊ म्हणून सांगत होते. एमरीला तपासणीत आजार निघाला तेव्हा त्यावर धड औषध नव्हतं. दवाखान्यात त्याचं जेवणाचं ताट दाराबाहेर जमिनीवर ठेवून जायचे. थॅड रोज कामावरून जाऊन ते ताट उचलून आत न्यायचा. एमरी गेल्यावर थॅडने त्या विषयावर तोंड मिटलं ते मिटलंच.

शहराच्या उत्तरेला गोऱ्या पोरांनी दवाखाने, सभा, मोर्चे, सगळं उभं केलं होतं. चांगलंच केलं. पण तिथल्या बारच्या दारात गोऱ्याला हसून आत घ्यायचे आणि काळ्या माणसाकडे ओळखपत्रावर ओळखपत्र मागायचे. तिथे जाऊन आपलं दुखणं कोण उघडं करणार? म्हणून रेनार्ड टिब्ज नावाच्या तरुणाने ठरवलं की आपल्या माणसांसाठी आपणच काहीतरी करायचं. रेनार्ड रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होता आणि त्यानेही आपला माणूस पुरला होता. त्याने वाचनालयातली खोली मागून घेतली, खुर्च्या गोल मांडल्या, पत्रकं रचून ठेवली. लव्हेल मदतीला गेला. आले दोघे. त्यातल्या एकाला आयकराबद्दल विचारायचं होतं.

"मिस्टर लव्हेल, आपली माणसं येत का नाहीत?" रेनार्डने डोकं धरून विचारलं.

"येतील कशाला? गोल खुर्च्या मांडल्यास तू. गोल खुर्च्या दिसल्या की इथे कुणीतरी रडणार हे लांबूनच कळतं," लव्हेल म्हणाला. "चार खुर्च्या मांड. मध्ये टेबल ठेव. टेबलावर पत्ते टाक. मग बघ, दार लावायला जागा राहणार नाही."

असा तो रविवारचा अड्डा सुरू झाला. चर्च सुटलं की लव्हेलच्या बाहेरच्या खोलीत टेबल, त्यावर त्याच्या आईचं मेणकापड, कोपऱ्यात तळलेलं चिकन, शिजवलेला पाला, चीजमधली मॅकरोनी. खेळ बोली लावायचा व्हिस्ट. दोन भिडू, समोर दोन भिडू. सगळ्यात मोठी बोली लावणाऱ्याने हुकूम सांगायचा आणि बोललेले हात करून दाखवायचे. पान नुसतं ठेवायचं नाही, आपटायचं. आपटताना समोरच्याच्या खानदानाबद्दल दोन शब्द बोलायचे. आणि हरला तो स्वयंपाकघरात. केकही तिथेच. जिंकणाऱ्याला केक नाही, त्याने जिंकल्याच्या आनंदावर पोट भरायचं.

स्वयंपाकघरात रेनार्ड असायचा. तो टेबलाशी नाही बसायचा. मोरीपाशी उभा राहून, पाठ करून ताटं धुवायचा. आलेल्याच्या हातात फडकं द्यायचा, "पुसा जरा." चेहऱ्याला सांगता येत नाही ते माणूस पाठीला सांगतो. तिथे सगळं बोलणं व्हायचं. कशाने होतो, कशाने होत नाही, कंडोम कसा वापरायचा, घरी बायको असेल तर काय करायचं, ज्याला झालाय त्याला जेवायला बोलावलं तर ताट वेगळं ठेवायचं का. बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं कधीच नसायची. जाताना मूठभर कंडोम खिशात घालून जा.

"सरकारी सुईपुढे मी हात करणार नाही," विन्स्लोने एकदा बजावलं होतं. "अलाबामात आपल्या माणसांना औषध न देता मरताना बघत बसले होते हेच लोक."

"म्हणून तर सुई माझ्या हातात आहे, सरकारच्या नाही," रेनार्ड ताट विसळत म्हणाला. "आणि ही वाटी नीट पुसा, ओली आहे."

यातली खरी मेख अशी होती की आत कोण कशासाठी गेला हे बाहेर कुणाला कळायचं नाही. तो हरला, म्हणून गेला. दहा मिनिटं जास्त लागली तर केक खात असेल. डोळे लाल करून आला तर हरल्याचं दुःख. लाजेला एवढं चांगलं पांघरूण अख्ख्या शहरात कुणी शिवलं नव्हतं. काही जण तर मुद्दाम वाईट खेळायला लागले. विन्स्लो दर रविवारी हरायचा, पण तो मुद्दाम नाही, त्याला खेळताच येत नव्हतं.

एवढं सगळं केलं आणि लव्हेलच्या एक गोष्ट लक्षातच आली नाही. तो आणि थॅड भिडू होते, आणि ते हरत नव्हते.

हरतच नव्हते! थॅडला समोरच्याच्या पापणीवरून त्याच्या हातातला गुलाम कळायचा. लव्हेल कुठलं पान टाकणार हे लव्हेलच्या आधी थॅडला ठाऊक. "या, या, बसा," थॅड खुर्चीत रेलून पत्ते पिसत नव्या जोडीला म्हणायचा, "खुर्ची गरम करायची तसदी घेऊ नका, लगेच उठायचंय." लव्हेलला त्या दिवसांची आठवण आली की अजून त्याच्या गालाला खळी पडते. खिडकीच्या काचेवर वाफ, रेडिएटरची सूं-सूं, मागे उभ्या माणसांचे हशे, आणि समोर थॅड. बाहेर माणसं मरत होती, आणि त्या खोलीत रविवारी दुपारी कुणी मरत नव्हतं. लव्हेल सुखी होता हो. सुखी माणसाला समोरचं दिसत नाही.

मग शहाण्णव साली नवी औषधं आली. रेनार्डने स्वयंपाकघरात पहिल्यांदाच नळ बंद केला, वळून तोंड दाखवलं आणि म्हणाला, "ऐका. आता हा आजार आहे असं कळणं आणि मरणं, या दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात. पण आधी कळायला हवं." तपासणीही सोपी झाली होती. सुई नाही, काही नाही. तोंडात गालाशी एक बोळा धरायचा, दोन आठवड्यांनी उत्तर. माणसं एकेक करून हरली आणि आत गेली. विन्स्लोसुद्धा. त्याला काही निघालं नाही आणि त्याने ते इतक्या मोठ्याने सांगितलं की शेजारच्या बाई विचारायला आल्या.

थॅड आत गेला नाही. कसा जाणार? तो हरला नव्हता.

लव्हेलच्या डोक्यात प्रकाश पडला तो एका पानाने. थॅडने हुकमाचा एक्का आपटायला हात उंच उचलला आणि त्याच्या मनगटावरचं घड्याळ घसरत कोपरापर्यंत गेलं. लव्हेल त्या घड्याळाकडे बघतच राहिला. मग त्याला एकदम सगळं दिसलं. गळ्यापाशी सैल झालेली कॉलर. ऑर्गन वाजवताना मध्येच येणारा खोकला. चिकनला हात न लावता नुसतं ताट फिरवणं. एमरीचंही असंच सुरू झालं होतं. त्या डावातही तेच जिंकले.

सगळे गेल्यावर त्याने थॅडला बाहेरच्या पायऱ्यांवर गाठलं.

"रेनार्डकडे जाऊन ये एकदा."

"कशाला?"

"मला कशाला बोलायला लावतोस?"

"अगं मिस प्रूइट," थॅड हसला. लाडात आला की तो लव्हेलला असाच हाक मारायचा. "नियम कुणी केलाय? तूच ना? हरला तो आत. हरू दे मला, जाईन."

"थॅड, चेष्टा नको."

थॅडचं हसू गेलं. "मला कळून काय करायचंय? एमरीला कळलं होतं. कळल्यावर तो माणूस राहिलाच नाही, दाराबाहेरचं ताट झाला. हरलो की जाईन म्हणालो ना? शब्द आहे माझा." आणि टोपी घालून, छाती काढून तो निघून गेला, रस्ता आपल्या मालकीचा असल्यासारखा.

आता लव्हेलला हरायचं होतं. ऐकायला सोपं वाटतं. पुढच्या रविवारी त्याने नसलेल्या पानांवर मोठी बोली लावली. थॅडने हू की चू न करता ती पुरी केली. त्याने चांगली पानं वाया घालवली. थॅडने वाईट पानांवर हात ओढले. एकदा तर लव्हेलने राजा असा फुकट टाकला की मागे उभा असलेला माणूस कण्हला, तर तीच चाल पुढे जाऊन अशी जमून आली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "बघा, याला म्हणतात डोकं," थॅड सगळ्यांना म्हणाला. लव्हेलला रडू फुटायचं बाकी होतं. आणि थॅडचं घड्याळ आता मनगटावर नव्हतंच, त्याने ते काढून खिशात ठेवायला सुरुवात केली होती.

सरळ मार्गाने हा माणूस हरत नाही, हे कळल्यावर एकच वाट उरली. रंग लपवायचा. समोरून जो रंग आला त्याचं पान हातात असताना दुसरंच पान टाकायचं. पकडलं गेलं तर तीन हातांचा दंड, म्हणजे डाव गेलाच. पण दंड जाऊ द्या. दक्षिण भागात माणूस कर्ज बुडवेल, बायको सोडेल, चर्च बदलेल, लोक विसरतात. टेबलावर रंग लपवणाऱ्याला विसरत नाहीत. पोरांनाही शिकवतात, ते बघ, ते लपवतात. लव्हेलच्या आईने त्याला मांडीवर बसवून पत्ते शिकवले तेव्हा सगळ्यात आधी हेच सांगितलं होतं. गरिबाकडे नाव एवढंच असतं, असं म्हणायची ती. लव्हेलने शनिवारी केक केला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा साखर जास्त जळली.

रविवारी समोर विन्स्लो आणि त्याचा भिडू. थॅडने बोली लावली, हुकूम बदाम. चौथ्या-पाचव्या हाताला विन्स्लोने किलवरचा राजा उतरला. लव्हेलच्या हातात किलवरची नव्वी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, बाजूचं बदामाचं पान उचललं आणि राजावर मारलं.

"माझा राजा!" विन्स्लो किंचाळला. "मारला, चांडाळाने!"

कुणालाच काही वाटलं नाही. डाव पुढे चालला. लव्हेलच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. शेवटच्या हाताला त्याच्याकडे ती नव्वी एकटीच उरली. त्याने ती उचलली आणि मेणकापडावर अशी आपटली की मिठाची बाटली आडवी झाली. घ्या! किलवर! बघा, माझ्याकडे किलवर होतं! एवढं तो मनातल्या मनात ओरडला.

कुणी बघितलंच नाही. विन्स्लो अजून राजाचं सुतक पाळत होता. त्याचा भिडू मॅकरोनीकडे बघत होता. आणि दुसरं म्हणजे, लव्हेल प्रूइट रंग लपवेल हे कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. समोरच्याने पकडलं नाही तर चूक नाही, असा कायदा. लव्हेल आणि थॅड जिंकले होते. पानं गोळा व्हायला लागली. लव्हेलने मान खाली घातली. आता काय करू मी, त्याला वाटलं, आता आणखी काय करू.

पानं गोळा करणारा थॅडचा हात थांबला.

त्याने ढिगातून नव्वी वेगळी काढली. तिच्याकडे पाहिलं, मग लव्हेलकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"विन्स्लो," थॅड म्हणाला.

"काय आता?"

"तुझ्या राजावर या माणसाने काय टाकलं?"

"बदाम! मीठ चोळतोस?"

"मग हे कुठून आलं याच्याकडे?"

विन्स्लोने नव्वी पाहिली. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "देवा," तो पुटपुटला, आणि मग घर डोक्यावर घेतलं. "रंग लपवला! लव्हेल प्रूइटने रंग लपवला! अरे, बाहेरच्यांना बोलवा रे, फोन लावा कुणीतरी!" माणसं पायऱ्यांवरून धावत आत आली. कुणी लव्हेलच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. भिडूनेच भिडूला पकडून द्यावं, हे तर कुणी ऐकलंही नव्हतं.

थॅडने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तीन हात यांचे," तो म्हणाला. "हरलो आपण. ऊठ."

आणि खुर्ची मागे सारून तो स्वयंपाकघरात गेला.

रेनार्ड मोरीपाशी पाठ करून उभा होता. तो वळला नाही, नुसतं फडकं मागे केलं. थॅडने ते घेतलं आणि तसंच हातात धरून उभा राहिला.

"रंग लपवलास," तो लव्हेलला म्हणाला. "तू. सगळ्या गावासमोर नाक कापून घेतलंस."

"मग काय करू? तू सरळ हरत नाहीस!"

थॅड हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते नुसतंच पाणी उरलं. "मला भीती वाटते रे," तो म्हणाला.

"मला पण," लव्हेल म्हणाला. "तुझ्यापेक्षा जास्त वाटते. तू गेलास तर मी कुणासमोर बसू?"

रेनार्डने हात पुसले आणि कपाटातला बोळा काढला. तो गालात धरून थॅड खुर्चीवर बसला असताना लव्हेलने केकचा एवढा मोठा तुकडा कापला की ताटलीत मावेना. इतक्या वर्षांत थॅडला त्या घरी रविवारचा केक मिळाला नव्हता. त्याने चव घेतली, नाक मुरडलं. "साखर जळलीय," म्हणाला. आणि सगळा खाल्ला.

दोन आठवड्यांनी उत्तर आलं. होता. शरीर पार पोखरलं गेलं होतं, रेनार्ड म्हणाला, पण वेळ गेलेली नव्हती. मग गोळ्या आल्या. मूठभर, दिवसातून कितीदा तरी, काही उपाशी, काही भरल्या पोटी. थॅड ओकायचा, शिव्या द्यायचा, या गोळ्यांपेक्षा एमरीसारखं मरण परवडलं म्हणायचा. लव्हेल खालच्या मजल्यावरची भाड्याची खोली रिकामी करून त्याला तिथे घेऊन आला आणि बसच्या फेऱ्यांसारखा गोळ्यांच्या वेळा पाळायला लागला. वसंतात चर्चचा झगा थॅडच्या खांद्यावर नीट बसला. पुढच्या वर्षी तो पोटावर बसेना. आणि बऱ्याच वर्षांनी मागच्या रांगेत पुन्हा पोरं उभी राहिली, तेव्हा थॅडने ऑर्गनवर एवढ्या चुका केल्या की पाद्रींनी वळून पाहिलं.

लव्हेलला मात्र नाव पडलं ते पडलंच. अख्खा दक्षिण भाग त्याला "नव्वी" म्हणायला लागला. बसमध्ये चढताना लोक म्हणायचे, "काय नव्वी, आज कुठला थांबा लपवलास?" तो टोपीला हात लावायचा. खरं काय ते तिघांना माहीत होतं आणि तिघांनी ते कुणाला सांगितलं नाही. थॅड तर चारचौघांत सगळ्यात जास्त चिडवायचा. एकटे असताना एकदाही नाही.

अशी वर्षं गेली. गोळ्यांची मूठ होती तिची एक गोळी झाली. विन्स्लो गेला, म्हातारपणाने गेला, आणि त्या काळातल्या माणसांना ते एवढं अपूर्व वाटलं की पाद्रींनी कारण मोठ्याने वाचून दाखवलं. रविवारचा अड्डा चालूच होता. नवी पोरं यायची, आजार होऊच नये म्हणून रोज गोळी घेणारी, फोनवर लग्नाचे फोटो दाखवणारी. लव्हेल त्यांच्याकडे बघत राहायचा. मधूनमधून त्यांना जुन्या, कधीच्या गेलेल्या पोरांच्या नावाने हाक मारायचा. आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग तो एकदा स्वतःच्याच रस्त्यावर पत्ता विचारताना सापडला, आणि थॅडने त्याच्या मजल्याची एक किल्ली आपल्या गळ्यात घातली.

मागच्या रविवारी दोघे भिडू बसले होते. समोर दोन तरुण. एकाने चौकट उतरली, लव्हेलने इस्पिक टाकलं. आणखी दोन हात झाल्यावर त्याने आपली चौकट टाकली.

"मिस्टर लव्हेल!" पोरगं आनंदाने ओरडलं. "रंग लपवलात! नव्वी! नव्वीने पुन्हा केलं!" त्यांनी ही गोष्ट लहानपणच्या गोष्टीसारखी ऐकलेली. सगळी खोली हसायला लागली.

लव्हेल हसत नव्हता. तो आपल्या पानांकडे बघत होता. चौकट त्याला दिसलीच नव्हती. ती हातात होती आणि ती दिसली नव्हती.

"हसू नका," थॅड म्हणाला. त्याने पानं खाली ठेवली. "मुद्दाम केलंय त्याने. हा माणूस उगाच रंग लपवत नाही. आत काहीतरी काम असणार याचं." त्याने टेबलाला वळसा घालून लव्हेलच्या कोपराखाली हात दिला. "चल, मिस प्रूइट. हरलो आपण."

स्वयंपाकघरात वाफ होती. मोरीपाशी पाठ करून कुणीतरी ताटं धुवत होतं. ती पाठ लव्हेलच्या ओळखीची होती आणि त्याला हायसं वाटलं. आपण इथे काहीतरी महत्त्वाचं करायला आलोय, हे त्याला आठवलं. एका गोल चेहऱ्याच्या, टकल्या, भल्या म्हाताऱ्याने त्याला खुर्ची दिली आणि कॉफी ओतायला घेतली. लव्हेल त्याच्याकडे झुकला. बाहेर ऐकू जाऊ नये असं हळू बोलला.

"थॅड उठला का?"

कॉफी ओतणारा हात थांबला. रेनार्डने नळ बंद केला.

"फार वाळलाय हो तो," लव्हेल म्हणाला. "मी रंग लपवला. पण त्या विन्स्लोच्या लक्षातच येत नाहीये. थॅड उठला का टेबलावरून?"

"उठला," म्हातारा म्हणाला.

"इकडे आला?"

"आला ना. केव्हाच आला."

"तपासून घेतलं त्याने?"

"घेतलं. औषध घेतो, रोज घेतो. आता तर एवढा सुटलाय की बघवत नाही."

लव्हेलने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. "मग ठीक आहे," तो म्हणाला. "मग लोकांना मला काय म्हणायचं ते म्हणू देत."

त्याने केकची ताटली पुढे ओढली, मोठा तुकडा कापला आणि त्या भल्या म्हाताऱ्यापुढे सरकवला. "खा तुम्ही. हरणाऱ्यांसाठीच असतो हा."

त्या दिवशी केकात मीठ साखरेच्या मापाने पडलं होतं. थॅडने सगळा खाल्ला.